लाटेकमध्ये हवा तो कागद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी मराठी पुस्तकांची अक्षरजुळणी लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं जुळवणाऱ्या संगणक-प्रणालीत, करतो. फाँट, जोडाक्षरं, अनुक्रमणिका यांवर लोक चार-चार दिवस घालवतात आणि कागदाचा आकार मात्र शेवटच्या दिवशी, फाइल छापखान्यात पाठवताना आठवतो. तेव्हा आलेले प्रश्न आणि त्यांची मी दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आज्ञांची आणि पर्यायांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता टाइप करायची.

वर्गाच्या (फाइलच्या सुरुवातीला निवडायच्या मांडणीच्या साच्याच्या) पर्यायात 'ए-फाइव्ह-पेपर' लिहिलं, तरी पीडीएफ ए-४ च का येते?

कारण इथे कागद दोन आहेत. एक लाटेकच्या मनातला, दुसरा पीडीएफवर नोंदलेला.

आर्टिकल, बुक, रिपोर्ट या मूळच्या वर्गांना तुम्ही ए-५ सांगता तेव्हा ते 'पेपरविड्थ' आणि 'पेपरहाइट' या दोन मापांत १४८ आणि २१० मिमी भरतात. त्यावरून ओळीची लांबी, समास, पानावरच्या ओळी ठरतात. पीडीएफचं पान किती मोठं कापायचं हे मात्र 'पीडीएफपेजविड्थ' आणि 'पीडीएफपेजहाइट' या वेगळ्या मापांत असतं, आणि हे वर्ग त्यांना हात लावत नाहीत. तिथे टेक लाइव्ह हा लाटेकचा संच संगणकावर बसवताना ठरलेला कागद तसाच राहतो, बहुतेक वेळा ए-४. म्हणून ए-५ चा मजकूर ए-४ च्या पानावर वर डावीकडे कोपऱ्यात बसलेला दिसतो आणि उजवीकडे, खाली कोरा पट्टा उरतो.

याचीच दुसरी बाजू म्हणजे काहीच न सांगणं. आकार दिला नाही तर हे वर्ग अमेरिकन लेटर कागद धरतात, २१५.९ × २७९.४ मिमी. लाटेकचा जन्म अमेरिकेतला, त्यामुळे ती सवय आजही तशीच आहे. लेटरची मांडणी ए-४ वर उतरली की उजवा समास सुमारे ६ मिमी कमी पडतो आणि खाली पावणेदोन सेंटीमीटर जादा जागा राहते. पान 'काहीतरी तिरपं' दिसतं, पण नक्की काय चुकलंय ते सापडत नाही. अशा वेळी सगळ्यात आधी हे तपासा.

मी आकाराला हातही लावला नाही. फक्त चित्रं घालायचं पॅकेज (लाटेकची जादा जोडणी) घेतलं आणि पानच बदललं. हे कसं?

ग्राफिक्सची पॅकेजं आणि दुवे देणारं हायपररेफ ही दोन्ही, लाटेकच्या मनातलं माप उचलून पीडीएफवरही नोंदवतात. म्हणजे चूक आधीपासून होती, ती आज उघडी पडली. पॅकेज काढून टाकू नका, माप नीट सांगा.

मग माप सांगायचा खात्रीचा रस्ता कोणता?

जॉमेट्री पॅकेज. समजा 'पेपरविड्थ' बरोबर (=) १४० एमएम, 'पेपरहाइट' बरोबर २१६ एमएम, एवढे दोन पर्याय त्याला द्यायचे. दोन्ही कागदांवर तेच माप लिहायचं काम ते करतं. फाइल चालवणारं इंजिन पीडीएफ-लाटेक, झी-लाटेक की लुआ-लाटेक, हेही ते स्वतः ओळखतं.

जुन्या मार्गदर्शक लेखांत 'पीडीएफपेजविड्थ' हाताने लिहायला सांगितलेलं असतं. लुआ-लाटेकमागच्या लुआटेकने २०१६ च्या सुमारास ते नाव सोडून नुसतं 'पेजविड्थ' केलं, त्यामुळे ती ओळ लुआ-लाटेकमध्ये 'ही आज्ञा माहीत नाही' असं म्हणून थांबते. माझा आग्रह असा की आकार संपूर्ण फाइलमध्ये एकाच जागी लिहावा आणि ती जागा जॉमेट्री असावी. वर्गात एक माप, जॉमेट्रीत दुसरं आणि खाली हाताने तिसरं, अशा फाइली माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यात कोण जिंकतंय हे शोधण्यातच दुपार जाते.

छापखान्याने 'डेमी' सांगितलंय. लाटेकमध्ये डेमी कुठे आहे? ए-५ दिलं तर चालणार नाही का?

नाही चालणार. हे जरा सविस्तर सांगतो, कारण याची किंमत मी मोजली आहे.

आपल्याकडे मराठी कथा-कादंबऱ्या, ललित लेखांची पुस्तकं बहुतांशी डेमी १/८ आकारात निघतात. १८ × २३ इंचांचा डेमी ताव तीन वेळा दुमडला की आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठं होतात. एकेक पान ५.७५ × ९ इंचांचं. तीन बाजूंनी कटिंग झालं की उरतं साधारण ५.५ × ८.५ इंच, म्हणजे १४० × २१६ मिमी. ए-५ आहे १४८ × २१०. म्हणजे डेमीपेक्षा ८ मिमी रुंद आणि ६ मिमी बुटका. हातात घेतल्यावर दोन्ही 'पुस्तकाएवढे' वाटतात, पण एकावर दुसरा बसत नाही.

माझ्या सुरुवातीच्या एका कवितासंग्रहाची फाइल मी ए-५ मध्ये पाठवली. छापखान्यातल्या मुलाने ती डेमीच्या पानात 'बसवून' घेतली. रुंदी १४८ ची १४० व्हायची तर सगळं पान साडेचौऱ्याण्णव टक्क्यांवर येतं. १२ पॉइंटचं अक्षर ११.३ च्या आसपास आलं. उंची उरली १९९ मिमीच्या आत, त्यामुळे वर-खाली प्रत्येकी पावणेनऊ मिमीचा जादा कोरा पट्टा आला. छापील प्रत हातात आल्यावर मी पट्टी लावून मोजलं. कवीने तक्रार केली नाही, पण 'अक्षर जरा बारीक आलंय का?' एवढं विचारलं. ते अजून लक्षात आहे.

त्यामुळे नावावर जाऊ नका, मिलिमीटर विचारा. 'कटिंग झाल्यावर पान किती बाय किती?' या एका प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. प्रत्येक छापखान्याचा ताव आणि कटर वेगळा असतो, दोन-तीन मिमीचा फरक पडतोच. मेमॉयर नावाच्या वर्गात डेमी अष्टमांश असा तयार पर्याय आहे, पण तो ब्रिटिश मापाचा, उंची पावणेनऊ इंच. नाव तेच, पान वेगळं. क्राऊन या दुसऱ्या आकाराचंही तसंच, त्यामुळे तिथेही मापच विचारा.

आधी रुंदी की आधी उंची?

जॉमेट्रीच्या 'पेपरसाइझ' पर्यायात आणि कोमा-स्क्रिप्ट या वर्गांच्या संचाच्या 'पेपर' पर्यायात आधी रुंदी येते, मग उंची. मेमॉयरच्या 'सेटस्टॉकसाइझ' आणि 'सेटट्रिम्डसाइझ' या आज्ञांत आधी उंची येते, मग रुंदी. पुस्तक आडवं झालं असेल तर हेच झालंय. म्हणूनच मी 'पेपरविड्थ' आणि 'पेपरहाइट' असं नाव घेऊनच लिहितो, त्यात गोंधळाला जागा राहत नाही.

माप अगदी बरोबर लिहिलंय, तरी 'मिसिंग नंबर, ट्रीटेड ॲज झिरो' अशी चूक येते.

कळफलक मराठीवर राहिलाय. तुम्ही १४० हा आकडा देवनागरीत टाइप केला आहे. टेकला, म्हणजे लाटेकच्या मुळाशी असलेल्या प्रणालीला, मापासाठी फक्त इंग्रजी आकडे (0 ते 9) कळतात. देवनागरी १ त्याच्या लेखी एक अक्षर आहे, आकडा नाही. त्याच्या पाठोपाठ 'इल्लीगल युनिट ऑफ मेझर' अशी दुसरी चूकही येते आणि माणूस एकक तपासत बसतो. मराठी मजकुरात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे एकदा तरी होतं. मजकुरातले आकडे देवनागरी ठेवा, मापातले इंग्रजी.

दशांशाचा टिंब आणि पूर्णविराम एकच असल्याने तिथे अडचण येत नाही. स्वल्पविराम मात्र जॉमेट्रीत दोन पर्याय वेगळे करतो. पेपरसाइझसारखी जोडी देताना ती महिरपी कंसात घालायला विसरू नका.

इंच, मिमी, पॉइंट यांपैकी काय वापरू?

छापखाना ज्या भाषेत बोलतो ते. ५.५ इंच म्हणजे १३९.७ मिमी. १४० धरलं तर काही बिघडत नाही. पॉइंटच्या वाटेला जाऊ नका. टेकचा पॉइंट इंचाला ७२.२७ आणि पीडीएफचा इंचाला ७२. टेकमध्ये दुसऱ्याला 'बीपी' म्हणतात. डीटीपीवाल्याने पॉइंटमध्ये माप दिलं असेल तर ते बीपी समजा.

कागद बसला. आता समास किती सोडू?

'मार्जिन' म्हणून चारही बाजूंना सारखं माप देणं पुस्तकाला शोभत नाही. शिवणीकडचा समास थोडा जास्त लागतो, कारण डिंकाच्या बांधणीत पान पूर्ण उघडत नाही आणि ओळीची सुरुवात आत घुसते. १४० × २१६ च्या पानाला मी आतून २०, बाहेरून १६, वरून १८ आणि खालून २२ मिमी ठेवतो. पर्यायांची नावं 'इनर', 'आउटर', 'टॉप', 'बॉटम', आणि वर्गाला 'टूसाइड' सांगितलेलं असायला हवं. बुक वर्गात ते आपोआप असतं, आर्टिकलमध्ये नाही.

यातून १०४ × १७६ मिमीचा मजकूर उरतो. देवनागरीला ओळींमधली जागा रोमनपेक्षा जास्त लागते: वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार, ऋकार. 'र्की'च्या खाली 'कृ' आणि त्याखाली पुन्हा 'र्थी' अशा ओळी एकमेकांना चिकटल्या की वाचणारा थकतो. १२ पॉइंट अक्षराला १७ पॉइंटची ओळ घेतली तर या पानावर २९ ओळी बसतात आणि अर्धी ओळ उरते. त्या अर्ध्या ओळीमुळे लाटेक परिच्छेदांमध्ये जागा ताणतं आणि समोरासमोरच्या पानांवर ओळी जुळत नाहीत. जॉमेट्रीचा 'हाइटराउंडेड' पर्याय उंची पूर्ण ओळींच्या पटीत आणतो. एक शब्द लिहायचा, पण उजेडात पान धरल्यावर मागची ओळ पुढच्या ओळीवर पडलेली दिसते, तेव्हा तो लिहिल्याचं समाधान वाटतं.

जुळणी चालू असताना 'शोफ्रेम' पर्याय लावून ठेवा, चौकटी दिसतात. छपाईला पाठवताना काढायला विसरू नका.

छापखाना 'ब्लीड' आणि 'कट मार्क' मागतो. ते कसं?

नुसता काळा मजकूर असेल तर बहुतेक वेळा गरज नसते, आधी विचारा. कडेपर्यंत जाणारं चित्र किंवा रंगाचा पट्टा असेल तर मात्र तो कटिंगच्या रेषेबाहेर ३ मिमी वाढवावा लागतो, यालाच ब्लीड म्हणतात. नाहीतर कटर केसभर सरकला की पांढरी रेघ दिसते.

जॉमेट्रीत यासाठी कागद आणि मांडणी वेगळी सांगता येते. कागद मोठा करा, समजा १६० × २३६. 'लेआउटविड्थ' १४० आणि 'लेआउटहाइट' २१६ द्या. 'लेआउटऑफसेट' १० मिमी दिलं की मांडणी मधोमध येते. मग 'शोक्रॉप' लिहिलं की चारही कोपऱ्यांत कटिंगच्या खुणा उमटतात. समासाची मापं आधीसारखीच राहतात, कारण ती आता मांडणीपासून मोजली जातात, कागदापासून नाही. क्रॉप नावाचं वेगळं पॅकेजही हेच काम करतं.

खुणा दिसल्या म्हणजे पीडीएफच्या आत 'ट्रिमबॉक्स', म्हणजे कटिंगनंतरच्या पानाची चौकट, नोंदला गेला असं मात्र नाही. काही छापखान्यांचं सॉफ्टवेअर तोच वाचतं. मागितला तर वेगळा लिहावा लागतो.

मुखपृष्ठाचा कागद किती?

पुढचं, मागचं, मधला कणा आणि दोन्ही कडांचं ब्लीड. २४० पृष्ठं म्हणजे १२० पानं. पान ०.१ मिमी जाड धरलं तर कणा १२ मिमी. मग रुंदी १४० + १२ + १४० + ६ = २९८ मिमी आणि उंची २१६ + ६ = २२२ मिमी. हे माप जॉमेट्रीला द्या, समास शून्य, पृष्ठक्रमांक बंद. मुखपृष्ठाची फाइल वेगळीच ठेवा. कागदाची खरी जाडी छापखान्याकडून घ्या. एकाच वजनाच्या दोन मॅपलिथो (छपाईच्या) कागदांची जाडी सारखी असतेच असं नाही, आणि कण्यावरचं नाव दोन मिमी सरकलं तरी कपाटात लगेच दिसतं.

पुस्तकात मध्येच एक मोठा नकाशा ए-३ पानावर हवा आहे.

'न्यूजॉमेट्री'ने होणार नाही. ती आज्ञा मधेच समास बदलते, कागद नाही. कोमा-स्क्रिप्टच्या वर्गांत कागदाचा पर्याय मध्येच बदलून मांडणी पुन्हा मोजून घेता येते. पण मी तसं करत नाही. नकाशा वेगळ्या फाइलमध्ये ए-३ वर करतो आणि छापखान्याला 'अमुक पानानंतर घडी घालून लावा' असं लिहून देतो. तो कागद वेगळा छापला जाणार, वेगळा चिकटवला जाणार. एका पीडीएफमध्ये दोन आकार असले की कुठेतरी कुणीतरी दोन्ही सारखे करून टाकतं.

तक्ता फक्त आडवा हवा असेल तर कागद तोच ठेवून 'पीडीएफ-एल-स्केप' पॅकेजचं 'लँडस्केप' एन्व्हायरन्मेंट (आज्ञांनी वेढलेला भाग) पुरे.

गणेशोत्सवाचा १० × २० फुटी फ्लेक्स लाटेकमध्ये करता येईल?

येईल, पण खऱ्या मापात नाही. टेकमधलं सगळ्यात मोठं माप १६,३८४ पॉइंटच्या किंचित अलीकडे संपतं, म्हणजे सुमारे ५७५ सेंमी. २० फूट म्हणजे ६०९.६ सेंमी. 'डायमेन्शन टू लार्ज' असं म्हणून ते हात वर करतं. पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचीही २०० इंचांची जुनी मर्यादा आहे. दहाव्या हिश्शाच्या मापात करा, १ × २ फूट, आणि फाइलच्या नावातच 'दहापट मोठं करणे' लिहा. अक्षरं रेषांनी बनलेली असल्याने कितीही वाढवली तरी फाटत नाहीत. फोटो मात्र फाटतील, ते आधीच मोठे घ्या.

कोर्टात द्यायच्या कागदांसाठी लीगल आकार लागतो ना?

वर्षानुवर्षं लागायचा. सुप्रीम कोर्टाने २०२० पासून ए-४, दोन्ही बाजूंनी छापलेला, असा नियम केला. त्यात डावा-उजवा समास ४ सेंमी आणि वरचा-खालचा २ सेंमी आहे. जॉमेट्रीत चार शब्दांचं काम. तुमच्या कोर्टाचा आजचा नियम तुमच्या वकिलांना विचारून घ्या.

घरच्या प्रिंटरवर ए-४ घेऊन छोटी पुस्तिका करायची आहे.

फाइल ए-५ मध्येच करा. मग दुसरी छोटी फाइल घेऊन पीडीएफ-पेजेस पॅकेजने पहिलीची पानं ए-४ आडव्यावर दोन-दोन बसवा. त्यातला 'सिग्नेचर' पर्याय पानांचा क्रम असा लावतो की दुमडल्यावर ती सलग येतात. छापखान्यात ज्याला फर्मा म्हणतात तेच हे. १६ पृष्ठांचा फर्मा असेल तर 'सिग्नेचर' बरोबर १६. एकूण पृष्ठं त्या पटीत नसतील तर शेवटी कोरी पानं येतात. तिथे ऋणनिर्देश किंवा आगामी पुस्तकांची यादी घालायची की कोरी ठेवायची, हे आधीच ठरवा.

छापताना प्रिंटरच्या खिडकीत 'फिट' नको, 'ॲक्च्युअल साइझ' निवडा. 'फिट'वर तो सगळं पान थोडं आकसतो आणि मोजून ठेवलेले समास हलतात.

पीडीएफचा आकार नक्की काय आहे, हे कसं पाहू?

डोळ्यांवर विसंबू नका, पडद्यावर सगळीच पानं सारखी दिसतात. पीडीएफ वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये माप असतं. टर्मिनल वापरत असाल तर 'पीडीएफइन्फो' ही आज्ञा द्या. तिथे 'पेज साइझ' पुढे ए-४ साठी ५९५.२७६ × ८४१.८९ दिसतं, आपल्या डेमीसाठी ३९६.८५ × ६१२.२८. हे बीपी आहेत. ७२ ने भागून २५.४ ने गुणा, मिमी येतील. मी हा आकडा छापखान्याच्या मेलमध्ये मिमीत लिहितो, म्हणजे समोरच्याने 'बसवून' घ्यायच्या आधी फोन करावा.

सादरीकरणाचा आकार बदलता येतो का?

सादरीकरणासाठीचा बीमर हा वर्ग मुळात १२८ × ९६ मिमीचं पान घेतो. 'आस्पेक्टरेशो' बरोबर १६९ (म्हणजे १६:९) दिलं की १६० × ९० होतं. पान एवढं लहान म्हणूनच त्यातलं ११ पॉइंटचं अक्षर भिंतीवर मोठं दिसतं. कागद ए-४ एवढा मोठा केलात तर मागच्या रांगेतल्याला काही वाचता येणार नाही.

अर्धं पुस्तक ए-४ वर झालंय. आता डेमी करायचं म्हटलं तर काय काय हलेल?

मजकूर आपोआप नव्याने वाहील, त्याची काळजी नको. हलतील ती तुम्ही मिमीत आणि सेंमीत बांधून ठेवलेली चित्रं, तक्त्यांचे रकाने आणि कवितेच्या ओळींची डावीकडची जागा. चित्राची रुंदी १५ सेंमी लिहिली असेल तर १०४ मिमीच्या मजकुरातून ते सरळ बाहेर पडेल. 'टेक्स्टविड्थ'चा ०.८ हिस्सा असं लिहिलं असेल तर ते नव्या पानात मुकाट बसेल. फाइलमध्ये 'सीएम' आणि 'एमएम' शोधा आणि एकेक ठिकाण पाहून जा.

अरुंद ओळीत लांब सामासिक शब्द उजव्या समासात घुसतात. त्यांची यादी लॉग फाइलमध्ये 'ओव्हरफुल' म्हणून मिळते. वर्गाला 'ड्राफ्ट' पर्याय दिला तर अशा ओळीपुढे काळा ठोकळा उमटतो आणि पान चाळताना लगेच सापडतो, फक्त चित्रांच्या जागी तेवढ्या वेळापुरत्या रिकाम्या चौकटी दिसतील. ठोकळे संपले की 'ड्राफ्ट' काढा आणि फाइल दोनदा चालवा, अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे दुसऱ्या वेळीच जुळतात.